मार्कोनीसाहेबांचा पांढरा कुरव

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर आधी फक्त वारा आहे. जून महिन्यातला, दक्षिणेकडून येणारा, हाडात शिरणारा. मागच्या पडद्यावर न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनचं बंदर, राखी पाणी, मधोमध सोम्सचं बेट आणि डाव्या अंगाला पेटोनचा लांबलचक लाकडी धक्का. साल १९९६, शनिवार, सकाळचे नऊ. वाळूवर चिटपाखरू नाही म्हणावं तर पाखरंच तेवढी आहेत.

उजव्या विंगेतून एक बाई येते. नर्सच्या गणवेशावर जाड कार्डिगन, रात्रपाळीने तारवटलेले डोळे, एका हातात घडीची खुर्ची, दुसऱ्या हातात थर्मास. वाऱ्याकडे पाठ होईल अशा बेताने ती खुर्ची मांडते, परत गाडीकडे जाते आणि एका उंच, वाकलेल्या माणसाला दंडाला धरून हळूहळू घेऊन येते. त्यांच्या अंगात खलाशाचा निळा कोट, गळ्यात दुर्बीण. खुर्चीशी आल्यावर ते बसत नाहीत. आधी खुर्ची उचलून उलटी फिरवतात, थेट वाऱ्याच्या तोंडावर.

"पाठीला वारा लागला की पिसं विसकटतात, वसू," ते म्हणतात. "पक्ष्यांकडे बघ. एक तरी पाठ करून बसलाय का?"

ती बघत नाही. थर्मासमधला बिनसाखरेचा चहा ओतते आणि कप त्यांच्या हातात नीट धरवते, कारण अलीकडे त्यांना कप कुठे आहे हे अंदाजानेच कळतं.

हे कृष्णाराव केरकर, मूळचे वेंगुर्ल्याचे. आणि ही वसुंधरा, माहेरची कराडची.

कृष्णाराव तीस वर्षं जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. खलाशी त्यांना मार्कोनीसाहेब म्हणत. कॅप्टनच्या खोलीमागे छोटीशी रेडिओ रूम, कानांवर हेडफोन, उजव्या हाताखाली मोर्सची की आणि समोर लॉग, म्हणजे नोंदवही. या धंद्याचे दोन नियम त्यांच्या रक्तात उतरले होते. पहिला शांततेचा. दर तासाच्या पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला जगातल्या सगळ्या जहाजांनी मोर्स थांबवायचा आणि तीन मिनिटं नुसतं ऐकायचं. कुठे कोणी बुडत असेल तर त्याची क्षीण टिकटिक कानावर पडावी म्हणून. दुसरा नियम लॉगचा. आपल्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. दुसऱ्याने सांगितलेलं नाही, आपल्याला वाटलं ते तर मुळीच नाही.

लोअर हट या उपनगरातल्या घरी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर त्यांनी लाल रंगाने त्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फाका रंगवल्या होत्या. काटा तिथे आला की बोलता बोलता गप्प होत. लेक सुखदा लहान असताना तिला ती गंमत वाटे. पंधराव्या वर्षी ती मैत्रिणींना सांगे, "डॅड इज ऑन अ ब्रेक," आणि ऐन थंडीत पायात जॅन्डल्स, इथल्या रबरी चपला, सरकवून बाहेर पडे. ती मराठी सगळं समजायची. बोलायची मात्र इंग्रजीत.

लग्न १९७४ साली झालं. वसुंधरा तेव्हा मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात नर्स होती. चाळीस दिवसांच्या संसारानंतर नवरा जहाजावर गेला आणि ती पुन्हा हॉस्टेलवर आली. पहिलं पत्र आलं मुर्मान्स्कहून, रशियाच्या पार डोक्यावरून. पाकीट जाडजूड होतं. खोलीतली मैत्रीण कांचन हिने ते आधीच पळवलं, खाटेवर उभी राहिली आणि नाटकातल्या नायकासारखा गळा काढून वाचायला लागली. चार मुली दारात जमल्या. पत्रात होता एक पक्षी. आकाराने बदकाहून थोर, पंख पसरले तर पाच फुटांच्या आत नाही. पाठ फिक्या राखेची, बाकी सगळा दुधासारखा, पंखांची टोकंसुद्धा पांढरी. डोळा पिवळा, चोच पिवळी आणि खालच्या चोचीवर एक तांबडा ठिपका.

"अगं बाई," कांचन म्हणाली, "ही कोण सवत केली भाऊजींनी?"

दारातल्या मुली खिदळल्या. वसुंधराही हसली, पण तिला राग आला होता. चार पानं पक्ष्याची आणि शेवटची दीड ओळ तिची. नंतरची पत्रंही तशीच. नॉर्वेच्या किनाऱ्यावरून, आइसलंडहून, अर्खांगेल्स्कहून. सुट्टीवर आल्यावर कृष्णाराव विचारत, "पत्रं वाचलीस ना?" ती म्हणे, "पक्ष्यांची पानं मी उलटून टाकते. तुम्ही काय खाता, झोपता कधी, तेवढंच बघते." हे तिने इतकी वर्षं सांगितलं की त्यांनी ते खरं मानलं.

तो पक्षी म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा मोठा कुरव, सीगल. जुने डच खलाशी त्याला नगराध्यक्ष म्हणत. कृष्णाराव त्याला खोत म्हणत. मासळी बंदरात आतड्यांचा ढीग पडला की बाकीचे कुरव तुटून पडायचे, मारामाऱ्या करायचे. मग हा सावकाश चालत यायचा, मान खाली घालून, आणि सगळे आपसूक मागे सरायचे. भांडायची गरजच पडायची नाही. दुसऱ्यांची अंडी खाई, पिल्लं गिळी, मेलेल्या देवमाशावर आठवडाभर बसून राही. पण चालत येई तो असा, जणू गावकीचा निवाडा करायला निघालाय. पिल्लाला पुरतं पांढरं व्हायला चार वर्षं लागत. कड्याच्या टोकावर किंवा उघड्या दगडावर घरटं, त्यात दोन-तीन अंडी. हिवाळ्यात इतर पक्षी पळ काढत, हा मात्र जेमतेम बर्फ सुटेल तिथपर्यंत खाली येई. कृष्णारावांनी तीस वर्षांत दोन्ही गोलार्ध पालथे घातले, आणि विषुववृत्ताच्या खाली त्यांना तो कधीही दिसला नाही.

वसुंधरा १९८४ साली लेकीला घेऊन न्यूझीलंडला आली, कारण तिथे नर्सेस हव्या होत्या. कृष्णाराव वर्षातून दोन महिने पाहुण्यासारखे यायचे. मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं बसली. जे काम मार्कोनीसाहेब कान देऊन करत, ते एक पेटी झोपेत करू लागली. १९९३ साली कंपनीने एक छापील पत्र आणि एक घड्याळ देऊन त्यांना घरी पाठवलं. बावन्नाव्या वर्षी हा माणूस पहिल्यांदा एका जागी राहायला आला, आणि ती जागा जगाच्या दुसऱ्या टोकाला होती. बरोबर मधुमेह आणला होता, बोटीवर कोणी न जुमानलेला. वर्षभरात डाव्या डोळ्यात रक्त उतरलं. उजव्यापुढे जाळं. मग पाय सुजू लागले आणि वसुंधराला, बावीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला, स्टेथोस्कोप न लावताही हृदय कुठवर आलंय ते कळलं. तिने ते त्यांना त्याच दिवशी सांगितलं. तिचा हा लौकिकच होता. वॉर्डात नातेवाईक डॉक्टरांना सोडून तिला विचारत, कारण सिस्टर केरकर खोटं बोलत नाही.

पेटोनचा किनारा त्यांना आवडला नाही. तिथला मोठा कुरव म्हणजे करोरो: काळी पाठ, काळे पंख. पिपीची शिंपली चोचीत धरून वर जायचा, कठीण वाळूवर आपटायचा, फुटेपर्यंत पुन्हा पुन्हा. "कष्टाळू आहे," कृष्णाराव म्हणत, "पण खोत नाही. हा आपला रोजंदारीवरचा." तरी रोज जाऊन बसत. दुसरं करायचं काय?

तर तो शनिवार. चहा झाल्यावर वसुंधरा रस्त्यापलीकडच्या डेअरीत दूध आणि वर्तमानपत्र आणायला गेली. दहा मिनिटांनी परतली तर खुर्ची रिकामी. कृष्णाराव पाण्याच्या अगदी कडेला, काठीशिवाय उभे, बूट भिजलेले, दुर्बीण डोळ्याला. शरीर थरथरत होतं. तिला वाटलं, साखर उतरली.

"धक्क्याच्या टोकाला," ते म्हणाले. "चौथ्या खांबावर. बसला होता. आत्ता उडाला."

"कोण?"

ते तिच्याकडे वळले. त्या चेहऱ्याचं तिला नंतर कितीदा तरी स्वप्न पडलं. असा चेहरा तिने लग्नातही पाहिला नव्हता.

"खोत आलाय, वसू."

त्यांनी लॉगमध्ये वेळ लिहिली, वारा लिहिला, पंखांची टोकं पांढरी असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आणि दुसऱ्या दिवशी पक्षिनिरीक्षकांच्या संघटनेला फोन केला.

ग्रॅहम नावाचे निवृत्त शाळामास्तर घरी आले. "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत बूट दाराबाहेर काढले, वसुंधराच्या हातचे पोहे दोनदा घेतले आणि दीड तास ऐकून घेतलं. माणूस सज्जन. त्यांनी हळूच सांगितलं की हा पक्षी या देशात आजवर कोणी नोंदवलेला त्यांना ठाऊक नाही. पण करोरोंमध्येच क्वचित एखादा रंग हरवलेला जन्मतो, सगळा पांढुरका. लांबून दोघे सारखेच दिसतात. फरक पायांचा. इथल्याचे पाय हिरवट पिवळे, तिथल्याचे गुलाबी.

"पाय पाहिलेत?"

कृष्णारावांनी लॉग मिटला. "नाही. पोटावर बसला होता," ते म्हणाले.

ग्रॅहमनी एक छापील फॉर्म दिला. दुर्मिळ पक्ष्याची नोंद एक समिती तपासते. पाय दिसायला हवेत, आणि शक्य तर दुसरा साक्षीदार हवा.

बातमी जॉन्सनव्हिलपर्यंत पोचली. तिथे शिरीष नावाच्या फार्मासिस्टकडे मराठी मंडळींचं महिन्याचं जेवण असे. शिरीष माणूस मोकळा, थट्टेखोर. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "कृष्णाराव, आमचं आंब्याचं लोणचं विमानतळावर काढून घेतात, तुमचा पक्षी बरा सुटला हो! व्हिसा तरी बघितलात का त्याचा?" बायकापुरुष पोट धरून हसले. कृष्णारावही हसले, सगळ्यांच्या मागून आणि सगळ्यांच्या आधी थांबले. घरी येताना गाडीत ते म्हणाले की एवढं अंतर एकट्याने कापून आलेल्याला निदान कोणीतरी ओळखायला हवं. नाहीतर तो आला काय, न आला काय. वसुंधराने गिअर बदलला. ते पक्ष्याबद्दल बोलत होते की नाही, हे तिला विचारवलं नाही.

जुलैत त्यांना धाप लागायला लागली. आठवडाभर इस्पितळात, मग घरी, खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. किनारा बंद. तेव्हा त्यांनी बायकोकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं. बावीस वर्षांत अमुक साडी नेस म्हणाले नव्हते की चहा कर म्हणाले नव्हते.

"तू बघशील?" त्यांनी विचारलं. "माझ्याऐवजी. फक्त पाय."

ती जाऊ लागली. पाळी संपली की थेट पेटोनला, गणवेशावर कोट चढवून. दुर्बीण कशी धरायची तेही तिला येत नव्हतं. पहिल्या दिवशी उलटी धरली. दहा दिवस काळे करोरो पाहिले, चिप्सवर झडप घालणारे लाल चोचीचे छोटे कुरव पाहिले. रोज घरी आल्यावर कृष्णाराव रेडिओ रूमच्या पद्धतीने विचारत: वेळ? वारा? भरती की ओहोटी? मग थांबत. ती म्हणे, "नाही." ते म्हणत, "ठीक."

अकराव्या दिवशी तो आला.

ओहोटीची वेळ. तिच्यापासून वीस पावलांवर तो वाळूत उतरला. पांढरा, मोठा, एकटा. बाकीचे त्याला जवळ घेत नव्हते. दोन काळे करोरो अंगावर धावून आले तेव्हा तो बाजूला सरला. त्याने ओल्या वाळूतून एक पिपी उकरली, वर गेला, सोडली. फुटली नाही. पुन्हा वर गेला. चौथ्या खेपेला फुटली. मग तो खायला उभा राहिला, वाऱ्याकडे तोंड करून, दोन्ही पायांवर, आणि पाय लखलखीत दिसत होते. दुर्बिणीची गरज नव्हती.

हिरवट पिवळे.

ती तशीच उभी राहिली. पक्षी खाऊन झाल्यावर उडाला तरी उभी राहिली. बावीस वर्षांत तिने आयांना सांगितलं होतं, बापांना सांगितलं होतं, एकदा तर एका सात वर्षांच्या मुलीला तिच्या भावाविषयी सांगितलं होतं. वाक्य लहान ठेवायचं, डोळ्यांत बघायचं, हात धरायचा. सगळं तिला येत होतं. गाडीत बसून तिने तीन-चारदा वाक्य म्हणून पाहिलं, एखादी नटी विंगेत उभं राहून म्हणते तसं.

घरी कृष्णाराव उशांना टेकून बसले होते. पावलांवरूनच त्यांनी ओळखलं.

"वेळ?"

"चार वाजून वीस."

"वारा?"

"दक्षिणेचा. फार नाही."

"दिसला." हा प्रश्न नव्हता. नळीतून हवा ओढताना त्यांच्या बरगड्या वरखाली होत होत्या. "पाय?"

"गुलाबी," वसुंधरा म्हणाली.

तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं की किती सोपं होतं. आणि मग ते थांबेना. सोपं खोटं उघडं पडतं या भीतीने असेल, ती बोलत राहिली. "फिके गुलाबी. सोलकढीची वाटी विसळल्यावर पाण्याला उरतो ना रंग, तसे. आणि बोटांमधले पडदे जरा जास्त गडद."

कृष्णारावांचा चेहरा तिच्याकडे वळला. त्या जाळ्याआडून ते तिला बघायचा प्रयत्न करत होते. तिने घड्याळाकडे पाहिलं. काटा लाल फाकेत होता. पावणेसहा. त्यामुळे त्या गप्प बसण्याचं तिला काही वाटलं नाही. तीन मिनिटं यंत्राचा सुस्कारा तेवढा चालू राहिला.

त्यानंतर त्यांनी सुखदाला हाक मारली आणि फॉर्म भरायला बसवलं. ते सांगत गेले, ती लिहीत गेली. आकार. पाठ. पंखांची टोकं. डोळा. पायांच्या रकान्याशी तिचं पेन थांबलं.

"लिही," कृष्णाराव म्हणाले. "दिसले नाहीत."

"बट शी सॉ देम, डॅड," आईकडे बघत सुखदा म्हणाली.

"मी पाहिले ना," वसुंधराही म्हणाली. "साक्षीदाराच्या जागी माझी सही घ्या."

"लॉगमध्ये ऐकीव लिहीत नाहीत."

"मी ऐकीव झाले?"

त्यांनी साक्षीदाराच्या रकान्यावर सुखदाकडून आडवी रेघ मारून घेतली. वसुंधराला हायसं वाटलं, आणि रागही आला. एवढं आयुष्यातलं पहिलं खोटं बोलावं आणि ते कोणी वापरूसुद्धा नये!

ऑगस्टच्या शेवटी ते पुन्हा इस्पितळात गेले. तिच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. फुप्फुसात पाणी. या खेपेला तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती, आणि त्यांनाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे घ्यायला घरी आली तेव्हा ग्रॅहमचा फोन आला. त्यांच्या आवाजात संकोच होता. समितीच्या लोकांशी बोलणं झालं होतं. लेखी पत्र येईलच, पण नोंद धरता येणार नाही. वर्णन उत्तम होतं, इतकं काटेकोर वर्णन त्यांनी क्वचित वाचलं होतं. अडलं ते पायांवर. पाय गुलाबी असल्याचं एका जरी साक्षीदाराने लिहून दिलं असतं, तर ते म्हणाले, गोष्ट वेगळ्या गांभीर्याने घ्यावी लागली असती. या देशातली पहिली नोंद, कदाचित केरकरांच्या नावावर.

वसुंधराने फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसली. का? हाताशी आलेलं होतं. तिने सही करायला पेनसुद्धा उचललं होतं. तीस वर्षं ज्याची पारायणं केली, ज्याच्यापायी जॉन्सनव्हिलमध्ये हसं करून घेतलं, ते त्यांनी एका आडव्या रेघेने घालवलं.

इस्पितळात त्यांच्या डोक्याला थंडी वाजत होती. लोकरीची टोपी हवी होती म्हणून तिने पलंगाखालची पेटी ओढली. टोपीखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तिचाच, मुंबईहून आणलेला. पत्रं. तिने सहज वरचं उचललं, मुर्मान्स्क, जानेवारी १९७५. घडीवर कागद इतका झिजला होता की उजेड आरपार येत होता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं:

"आज त्याचे पाय पाहिले. फिके गुलाबी. आमच्याकडे जेवण झाल्यावर आई सोलकढीची वाटी विसळते, तेव्हा पाण्याला रंग उरतो, अगदी तसे. बोटांमधले पडदे थोडे गडद."

कराडच्या घरी सोलकढी कधी झाली नव्हती. लग्नानंतर दोनदा प्यायली असेल, तीही नाक मुरडून. आणि इथे तर कोकमाचं नावही नव्हतं. वाटी विसळल्यावर उरणारा रंग तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पत्रांत एवढ्या वेळा वाचला होता की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखा तो तोंडात आला.

म्हणजे त्या दिवशी तिच्या तोंडून त्यांनी स्वतःच्याच पत्रातले शब्द ऐकले होते. त्या तीन मिनिटांत ते शांतता पाळत नव्हते.

टोपी हातात तशीच घेऊन ती निघाली. गाडी कशी चालवली तिला आठवत नाही.

कृष्णाराव जागे होते, तोंडावर मास्क. तिने टोपी घातली, कानांवर ओढली, खुर्ची जवळ घेतली आणि त्यांचा हात धरला. वाक्य लहान ठेवायचं.

"अहो, पाय गुलाबी नव्हते."

त्यांनी मास्क बाजूला करायची खूण केली. नर्स म्हणून तिने तो करायला नको होता. तिने केला.

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "मला वाटायचं, तू ती पानं... उलटून टाकतेस."

वसुंधरा रडली नाही. पुढे महिनाभर ती रडत होती, पण त्या वेळी नाही. तिने सांगितलं की एकही पान उलटलं नव्हतं. कांचन झोपली की टॉर्चच्या उजेडात वाचायची, वाट पाहून राग आलेला असायचा म्हणून कबूल करायची नाही, आणि नंतर कबूल करायचं राहूनच गेलं. संसार असा किती झाला? बेरीज केली तर पाच-सहा वर्षांचा. बाकी सगळा कागदावर, आणि कागदावरचं तिने नाकारलेलं. ती बोलत होती आणि ते ऐकत होते, डोळे मिटून, पूर्वी हेडफोन लावून ऐकत असतील तसे, एकही अक्षर सुटू नये म्हणून.

तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसले होते मग?"

"हिरवट पिवळे."

"म्हणजे इथलाच."

"इथलाच," ती म्हणाली. "पांढरा जन्मला, एवढंच. बाकीचे त्याला जवळ घेत नाहीत. पण शिंपली त्यांच्यासारखीच फोडतो. चार वेळा टाकायला लागली."

तिने मास्क परत लावायला उचलला. आता हा माणूस मोडेल, असं तिला वाटत होतं. आपण खरं बोललो आणि त्यांचं शेवटचं काढून घेतलं. त्यांनी तिचा हात मध्येच थांबवला. खिडकीतून बंदराच्या बाजूचं आभाळ दिसत होतं, त्यांना ते नुसतं उजळ दिसत असेल. यानंतर कृष्णाराव दोन दिवस होते, पण मास्क निघाला नाही आणि ते बोलले नाहीत. सुखदा आली, ग्रॅहम आले, शिरीष दारात उभा राहून पाणावल्या डोळ्यांनी परत गेला. कोणाशी एक शब्द नाही. म्हणून हात थांबवून ते वसुंधराला जे म्हणाले, तेच शेवटचं.

"मग बरं झालं, वसू. त्याला एवढ्या लांब परत जायचं नाही."